पडलेलें मांजर आणि आंतली जखम

मांजर कितीही उंचावरून पडलें तरी चार पायांवरच उतरतें, अशी आपली समजूत आहे, आणि ती अगदींच निराधार नाहीं. पडतां पडतां हवेंतच अंग वळवून पाय खालीं आणण्याची कला त्याला उपजतच असते. परंतु पाय आधीं टेकले म्हणजे जीव वांचला, असें मात्र नव्हे. गॅलरींतून पडलेलें मांजर उठून पलंगाखालीं जाऊन बसतें. घरांतील मंडळी निःश्वास टाकतात. आणि सकाळीं तें मेलेलें आढळतें. मधल्या वेळांत त्याच्या शरीरांत काय घडतें, याचा आज थोडा विचार करूं.

न्यूयॉर्क येथील एका पशुरुग्णालयांत १९८४ सालीं, पांच महिन्यांच्या अवधींत, उंच इमारतींवरून पडलेलीं १३२ मांजरें आणण्यांत आलीं. त्यांची हकीकत व्हिटनी व मेहलहाफ या पशुवैद्यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली. उपचार केलेल्यांपैकीं शेंकडा ९० मांजरें जगलीं. हा आकडा पुढें फार गाजला. पण जीं जागच्याजागीं मेलीं तीं रुग्णालयांत आलींच नसणार, हें ऐकणारे विसरतात. शिवाय दहांपैकीं नऊ मांजरांच्या छातीला कांहीं ना कांहीं इजा झाली होती, आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मांजरांवर जीव वांचविण्यासाठीं तांतडीचे उपचार करावे लागले. म्हणजे या यशाचें श्रेय जसें मांजराच्या चपळाईला, तसेंच वेळेवर मिळालेल्या उपचारांनाही आहे.

आघातानें फुफ्फुस फाटलें तर हवा छातीच्या पोकळींत साचते आणि फुफ्फुसाला फुगावयास जागा उरत नाहीं. रक्तस्राव झाला तर रक्ताचा दाब उतरतो. अशा वेळीं कुत्र्याचें हृदय बहुधा जोरानें धांवूं लागतें; मांजराचें मात्र पुष्कळदां मंदावतें आणि अंग थंड पडतें. पाहणाराला वाटतें, मांजर शांत झालें. वस्तुतः तें बुडत चाललेलें असतें.

आंतलीं इंद्रियें एकमेकांच्या आधारानें जगतात. रक्त पुरेसें पोंचलें नाहीं तर मूत्रपिंडांचें काम थंडावतें आणि विषारी द्रव्यें रक्तांत सांचूं लागतात, आंतड्यांचें अस्तर दुबळें होऊन जंतूंना वाट मिळते, यकृत थकतें, फुफ्फुसांना सूज येते. एक खांब कलला कीं दुसऱ्यावर भार पडतो. जितकीं अधिक इंद्रियें निकामी होतील, तितकी जगण्याची आशा कमी. मूत्राशय फुटलें असलें, तर मांजर पहिल्या दिवशीं हिंडतांना दिसेलही. पण मूत्र पोटांत साचून रक्तांतील पोटॅशियम वाढतें आणि अखेर हृदयच बंद पडूं शकतें.

म्हणूनच पशुवैद्य केवळ मोडलेल्या पायाकडे पाहत नाहींत. अमेरिकेंत १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतींत रक्ताभिसरण, हृदय, श्वसन, डोळे-स्नायू-त्वचा, हाडें आणि मज्जासंस्था अशा सहा बाबींना प्रत्येकीं शून्य ते तीन गुण देतात. बेरीज अठराकडे जाऊं लागली कीं आशा झपाट्यानें घटते.

श्रोतेहो, आपल्या हातीं काय आहे? मांजराला ओढाताण न करतां जाड टॉवेलवर किंवा सपाट तळाच्या खोक्यांत ठेवावें, अंगावर हलकें पांघरूण घालावें आणि तडक पशुवैद्याकडे न्यावें. तोंडांत दूध-पाणी ओतूं नये. आपल्या घरांतील पॅरासिटामॉलची गोळी तर मुळींच देऊं नये. ती पचवून टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृताला जवळजवळ नाहींच, आणि एकच गोळी त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति नष्ट करूं शकते. तोंड उघडून श्वास घेणें, हिरड्या पांढऱ्या पडणें, अंग गार लागणें, लघवी न होणें, हीं चिन्हें पुढचे दोन दिवस जागरूकपणें पाहावींत.

दुखणें लपविणें हा मांजराचा स्वभावच आहे. तें ओरडत नाहीं, म्हणून त्याला कांहीं झालें नाहीं असें समजूं नये. त्याच्या वतीनें शंका घेण्याचें काम आपलें आहे. आणि ती शंका त्याच रात्रीं घेतली तरच उपयोगी पडते.