अत्तर अंगावर कसे उमलते

लग्नाच्या मांडवात शिरताना कुणीतरी आपल्या हाताच्या पाठीवर अत्तराचे बोट फिरवतो. आपण हात लगेच नाकाशी नेतो. पण पंगत उठेपर्यंत तोच वास पुष्कळदा निराळा झालेला असतो. मग अत्तर नकली म्हणायचे का? तसे नाही.

अत्तरात वास एक नसतो, अनेक असतात, आणि ते पाळीपाळीने उडतात. गवती चहा, दवणा, नागरमोथा आणि वाळा यांचे मिश्र अत्तर घ्या. गवती चहाचा ताजा, लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा. त्याच्या रेणूत कार्बनचे 10 अणू. वाळ्याच्या तेलातील मुख्य द्रव्यांत 15. हलके ते आधी उडते, जड ते मागे राहते. आपल्या कातडीची ऊब साधारण 32 ते 34 अंश सेल्सिअस. तेवढ्या उबेवर गवती चहा थोड्याच वेळात निघून जातो. मग दवणा वर येतो, हिरवा आणि किंचित गोडसर. दवण्याची एक गंमत अत्तरवाले जाणतात: तेच तेल दोघांच्या अंगावर दोन तऱ्हांचे वाटते. शेवटी उरतो तो नागरमोथ्याचा नि वाळ्याचा मातकट, धुरकट वास. तो तासन्‌तास हलत नाही.

नागरमोथा म्हणजे काही दूरची वस्तू नव्हे. तो आपल्या लव्हाळ्याचाच भाऊबंद. वरवे बुद्रुकच्या शिवारात भांगलणाऱ्या बायांना लव्हाळ्याची ओळख करून द्यायला नको! त्याची गाठ धुऊन, नखाने खरवडून हुंगा. अत्तरातला धूर कुठून येतो ते कळेल.

आता जत्रेतली खरेदी. विक्रेता बाटलीचे बूच नाकाशी धरतो. तो वास बहुतेक हलक्या द्रव्यांचा. अंगावर मात्र आपण पुढचे चार तास वागवणार असतो ती मागची द्रव्ये. म्हणून थेंबभर मनगटाला लावा, पाळण्यात बसा, देवदर्शन करा, नि तासाभराने हुंगून मग पैसे काढा. मनगटे एकमेकांवर घासू नका. घासल्याने ऊब वाढते आणि पहिला वास लवकर उडतो. तिथे खाज सुटली, लाली आली, तर ते अत्तर आपले नव्हे. कोरड्या कातडीवर वास कमी टिकतो, तेलकटावर जास्त. आणि वास गेला म्हणून पुन्हा पुन्हा लावत बसू नका. पुष्कळदा आपले नाकच त्याला सरावलेले असते. शेजारच्याला तो चांगला येत असतो.

गुरुजींनी हे वर्गात करून पाहावे. गवती चहाचे पान चुरून मुलांच्या एका हातावर चोळा, दुसऱ्या हातात वाळ्याची ओली काडी द्या. मधली सुट्टी होऊ द्या. मग दोन्हींचा वास घ्यायला सांगा, आणि काडी वाळली की पुन्हा भिजवून हुंगायला द्या.