वादळाचे माप घराच्या पडझडीवरून
उन्हाळ्यात वावटळ उठली की तुमची वाळवण झाकायची धांदल होते. ती उठते तापलेल्या जमिनीवरून. अमेरिकेतला टोर्नॅडो मात्र गडगडाटी ढगातून खाली उतरतो. उंचीबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलली की मधली हवा आडव्या लाटण्यासारखी फिरू लागते. वर चढणारी उष्ण, दमट हवा हे लाटणे उभे करते. दरवेळी त्याचा टोर्नॅडो होतोच असे नाही, हे नशीबच!

त्याच्या तडाख्यात यंत्रे क्वचितच टिकतात. म्हणून हिरोशिमा-नागासाकीची पडझड तपासलेल्या टेत्सुया फुजिता यांनी १९७१ साली मोडतोडीवरूनच वेग ठरवण्याची श्रेणी काढली. २००७ पासून अमेरिकेत तिचे सुधारित रूप वापरतात. छपराचा थोडा भाग उडाला तर शून्य. पक्के घर पायावरून साफ पुसले गेले तर पाच, म्हणजे ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेग. पण तपासनीस आधी काय बघतात, ठाऊक आहे? भिंती पायाला बोल्टांनी नीट जखडल्या होत्या की नाही! तकलादू घर कमी वाऱ्यानेही जाते ना.

२०११ साली मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरात पाच श्रेणीच्या टोर्नॅडोने दीडशेहून अधिक बळी घेतले. भोंगा वाजला की तिकडच्या आया मुलांना घेऊन तळघरात शिरतात. ते नसेल तर घराच्या मधोमध, बिनखिडकीच्या न्हाणीघरात.