हरणाऱ्यांच्या खिशातून: अमेरिकेतल्या पोकर-निधीचा मागोवा

पोकरची रात्र भरवून गरजू मुलांसाठी निधी जमवण्याची टूम अमेरिकेत २००३ नंतर फोफावली. त्याआधी चर्चच्या हॉलमध्ये आणि क्लबांत बिंगो चाले, सोडती निघत, खोट्या नोटांचे कॅसिनोही थाटले जात. पण पोकर हा सिगारच्या धुरातला, मागच्या खोलीतला खेळ समजला जाई. दोन गोष्टींनी ही प्रतिमा पालटली. हातातली झाकलेली पाने दाखवणारा कॅमेरा टेबलाच्या कडेला बसला आणि घरबसल्या प्रेक्षकाला प्रत्येक थाप ओळखता येऊ लागली. त्यातच २००३च्या जागतिक स्पर्धेत ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतला हिशेबनीस ८३९ जणांत पहिला आला. इंटरनेटवरच्या पात्रता फेरीत शंभर डॉलरही न भरता तो स्पर्धेत शिरला होता. परतला तो २५ लाख डॉलर घेऊन. मग शाळांच्या पालक-संघांनी आणि युवक मंडळांनीही पत्त्यांचे जोड मागवले.

अशा रात्रीचा हिशेब साध्या स्पर्धेच्या उलटा असतो. प्रवेशाचे पैसे भरले की सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. त्या चिप्सची रोख किंमत शून्य, बक्षीस म्हणून बहुधा कुणा दुकानदाराने दिलेला टीव्ही किंवा हॉटेलातला शनिवार-रविवार. ब्लाइंड, म्हणजे डाव सुरू होण्याआधी सक्तीने लावायची रक्कम, दर पंधरा-वीस मिनिटांनी वाढत जाते, त्यामुळे फार वेळ हातावर हात ठेवून बसता येत नाही. पहिल्या तासातच कुणीतरी दोन राजांच्या भरवशावर सगळे पुढे ढकलतो, समोरून एक्क्यांची जोडी उघडते, टेबलावर हशा पिकतो आणि तो खिशात हात घालतो. स्वयंसेवक चिप्सचा नवा ढीग आणून ठेवतो. याला री-बाय म्हणतात, आणि रात्रीच्या कमाईचा मोठा वाटा इथूनच येतो. दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको: हरलेला गडी उठत नाही. इथे त्याच्या न उठण्याचा फायदा मुलांना होतो, एवढेच.

टीव्हीने याला झगमगाट दिला. डिसेंबर २००३ मध्ये ब्राव्हो वाहिनीवर सुरू झालेल्या ‘सेलिब्रिटी पोकर शोडाउन’मध्ये नटनट्या आपापल्या पसंतीच्या संस्थेसाठी खेळत. खेळ बेताचाच असे, पण निधीसाठी पोकर ही कल्पना त्याने घरोघर नेली.

मुलांपुरते बोलायचे तर या काळातले ठळक नाव बॅरी ग्रीनस्टीन यांचे. गणितातल्या डॉक्टरेटच्या उंबरठ्यावरून परतलेले आणि काही वर्षे सिमँटेक कंपनीत सॉफ्टवेअर लिहिलेले हे गृहस्थ रोखीच्या डावांवर घर चालवत आणि स्पर्धांतली कमाई दान करत. जानेवारी २००४ मध्ये मिसिसिपीतल्या ट्युनिका इथे त्यांनी साडेबारा लाख डॉलरहून मोठे बक्षीस जिंकले. त्यांच्या देणग्यांचा मुख्य ओघ गरजू मुलांना आर्थिक पालक मिळवून देणाऱ्या ‘चिल्ड्रन इन्कॉर्पोरेटेड’ या संस्थेकडे होता. लोक त्यांना पोकरचा रॉबिन हूड म्हणत. नाव जरा सैलच, कारण इथले श्रीमंत लुटून घ्यायला आपल्या पायांनी येत.

या प्रकाराचे टोक जुलै २०१२ मध्ये लास वेगासच्या रिओ हॉटेलात गाठले गेले. ‘बिग वन फॉर वन ड्रॉप’ या स्पर्धेची प्रवेश रक्कम दहा लाख डॉलर होती आणि ४८ जणांनी ती भरली. प्रत्येकाच्या रकमेतला नववा हिस्सा, १,११,१११ डॉलर, पाण्यासाठी काम करणाऱ्या ‘वन ड्रॉप’ या संस्थेचा. कॅसिनोने आपले कमिशन सोडले होते. पहिले पान वाटले जाण्याआधीच संस्थेचे ५३,३३,३२८ डॉलर ठरून गेले होते. बक्षिसे फक्त नऊ जणांना होती. उरलेले ३९ रिकाम्या हाताने उठले, त्यांच्या नावावर राहिले ते तेवढे एक लाख अकरा हजारांचे दान. अँटोनिओ एस्फान्दियारी १,८३,४६,६७३ डॉलर जिंकून पहिला आला.

तरुणांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तिसरा क्रमांक. गुंतवणूक-व्यवस्थापक डेव्हिड आइनहॉर्न यांनी जिंकलेले ४३,५२,००० डॉलर ‘सिटी इयर’ला दिले. १९८८ मध्ये बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या या संस्थेत तरुण मुलेमुली वर्षभर गरीब वस्त्यांतल्या शाळांत राबतात, मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांना हाताशी धरतात. २००६च्या जागतिक स्पर्धेत अठरावे आल्यावरही आइनहॉर्न यांनी ६,५९,७३० डॉलर पार्किन्सनच्या संशोधनासाठी मायकल जे. फॉक्स प्रतिष्ठानला दिले होते. दानत निर्विवाद, पण एकाच टेबलावरच्या या दोन देणग्यांची जात वेगळी होती. पाण्याचा वाटा नियमात लिहिलेला होता, शाळांचा वाटा शेवटच्या काही डावांवर टांगलेला होता. अशा पैशावर संस्थेला पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडता येत नाही. लेखी वाट्यालाही टेबल भरण्याची अट असतेच: ‘वन ड्रॉप’च्या २०१४च्या फेरीत खेळाडू ४२ झाले आणि त्या हिशेबाने संस्थेचा वाटा ४६,६६,६६२ डॉलरवर आला.

गावोगावच्या रात्रींत वाटा कोण घेतो, हा प्रश्न अधिक टोकदार होता. मिशिगनमध्ये ‘मिलियनेअर पार्टी’चा, म्हणजे निधीसाठीच्या जुगार-रात्रीचा, परवाना १९७२च्या बिंगो कायद्याखाली निघे. पोकरची लाट आल्यावर परवान्यावर नाव संस्थेचे आणि जागा, टेबले, पत्ते वाटणारे लोक व्यावसायिकांचे, असे कायमचे अड्डे बारमध्ये उभे राहिले. २०१२ मध्ये राज्यपालांच्या आदेशाने देखरेख लॉटरी विभागाकडून काढून जुगार नियंत्रण मंडळाकडे देण्यात आली. न्यू हॅम्पशायरने आधीच वेगळी वाट धरली होती. तिथे टेबलांच्या उत्पन्नातले ३५ टक्के संस्थेला, १० टक्के राज्याला आणि बाकीचे चालवणाऱ्याला; एका संस्थेला वर्षातले दहा दिवस. वाटा थोडा वाटला तरी तो बांधलेला असल्याने संस्थेला बजावून मागता येतो.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीने टेबले बंद पडली आणि खेळ पडद्यावर गेला. एप्रिलमध्ये अभिनेता बेन ॲफ्लेक याने ओळखीच्या नट-खेळाडूंना जमवून ‘फीडिंग अमेरिका’ या अन्नपेढ्यांच्या जाळ्यासाठी ऑनलाइन डाव मांडला. तेव्हा शाळा बंद होत्या आणि शाळेतल्या जेवणावर दिवस काढणारी मुले घरी होती. नेवाडातल्या कॅसिनोत मात्र आजही २१ वर्षांखालच्या कुणाला पोकरच्या टेबलाशी बसता येत नाही. ज्यांच्यासाठी डाव मांडला जातो त्यांतल्या बहुतेकांना त्यात बसता येत नाही.