चित्र भिंतीवर, पैसा रुग्णालयात

निसर्गचित्रांच्या प्रती विकून रुग्णसेवेला हातभार लावता येतो. पूर्व विदर्भात, नागझिरा अभयारण्याच्या कुशीत वसलेल्या साकोलीने हे जरूर करून पाहावं.

१९४९ साली चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का सामकोवा या सात वर्षांच्या मुलीने युनिसेफसाठी आभाराचं चित्र काढलं. युद्धात होरपळलेल्या तिच्या गावाला युनिसेफची मदत मिळाली होती. कागद नव्हता, म्हणून तिने काचेवर रंगवलं: वर सूर्य, खाली फेर धरलेल्या मुली. युनिसेफने त्याचं शुभेच्छापत्र छापलं. पुढे अशी कार्डं जगभर विकली गेली आणि मुलांसाठीच्या कामाला त्यातून पैसा मिळत राहिला.

विदर्भाला ही वाट परकी नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या उपचाराला श्रमाची जोड दिली. तिथल्या हातांनी कापड विणलं, शुभेच्छापत्रंही केली. घेणाऱ्याने वस्तू चांगली आहे म्हणून घ्यावी, कीव येते म्हणून नव्हे, हा त्यामागचा आग्रह.

हिशेब कसा बसतो?

मूळ चित्र एकदाच विकलं जातं, प्रती अनेक निघतात. मर्यादित आवृत्तीत चित्राखाली पेन्सिलीने ‘७/५०’ असा आकडा असतो, म्हणजे पन्नासांपैकी सातवी प्रत. आम्लविरहित कागद आणि टिकाऊ शाई वापरली तर रंग वर्षानुवर्षं टिकतात. समजा, प्रत १,००० रुपयांची आहे आणि छपाई, कागद, टपाल यांत ४०० रुपये गेले, तर रुग्णालयाला ६०० रुपये उरतात. हे गणित प्रतीसोबतच छापलं पाहिजे. चित्रकाराचं मानधन कापलं असेल तर तेही लिहावं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आयकरातली सवलत देणगीवर मिळते, चित्राच्या बदल्यात मोजलेली किंमत देणगी ठरत नाही.

साकोलीतच का?

नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. साकोलीजवळच्या पिटेझरीच्या बाजूने जंगलात जाणारे पर्यटक आठवण म्हणून काहीतरी नेतातच. इथला मोह, पळस, मालगुजारी तलावांवरचे पक्षी इथल्याच चित्रकारांनी रंगवावेत. आणि पैशाची गरजही इथेच आहे: पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार अनेक घरांत आहे. तपासणी, आयुष्यभराची औषधं, वेळप्रसंगी रक्त आणि त्यासाठी होणाऱ्या खेपा यांचा भार बहुतेकदा शेतमजूर कुटुंबावर पडतो. त्या खर्चासाठी चित्रांचा निधी असावा.

मात्र आजारी मुलाचा फोटो लावून चित्र विकू नये. रुग्णाचा मान राखायचा तर चित्र स्वतःच्या बळावर विकलं गेलं पाहिजे. घेणाऱ्यानेही दोन प्रश्न विचारावेत: चित्र मला खरंच आवडलं का, आणि पैसा कोणत्या दवाखान्यात, कशासाठी जाणार? दोन्हींची उत्तरं स्पष्ट मिळाली, तर ती खरेदी निःशंक मनाने करावी.