आवक तूर, साफ तूर

पहाटे 5.40

डोळे उघडले की आधी फोन बघते. रात्री दोन वाजता माझ्या पाचही गिऱ्हाइकांच्या आकड्यांचा बॅकअप निघतो आणि प्रत्येकाकडून एका ओळीचा निरोप येतो. आज चारच आलेत. राहिला तो एमआयडीसीतल्या डाळमिलचा. म्हणजे मिलच्या ऑफिसातला संगणक काल कुणीतरी बंद करून घरी गेलं. नऊला तिथं जायचंच आहे. चहा ठेवते.

सकाळी 7.00

मेहरूण तलावाला एक फेरी मारून आले की तासभर वाचन. कोणत्या साधनाची नवी आवृत्ती आली, कोणतं भोक बुजवलं, जगात कुठं कुणाचं काय अडलं आणि दुसऱ्या कुणी ते कसं सोडवलं. व्यापाऱ्याला त्याचेच आकडे नीट दिसतील असं करून देणं, हे माझं काम. शिकलेली माणसं त्याला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात, मिलमध्ये त्याला 'ताईचा बोर्ड' म्हणतात. मेटाबेस आणि सुपरसेट ही माझी रोजची साधनं. दोन्ही ओपन सोर्स.

वाचन चुकवून चालत नाही. सुपरसेट बसवताना एक गुप्त किल्ली स्वतःची घालावी लागते. पुष्कळांनी नमुन्यातली किल्ली तशीच ठेवली होती, आणि 2023 मध्ये सुरक्षा तपासणाऱ्यांनी इंटरनेटवर उघड्यावर असलेल्या अशा सुमारे दोन हजार जागा शोधून काढल्या. बातमी वाचली त्या सकाळी मी धुळ्याच्या गिऱ्हाइकाकडची किल्ली तपासली. ती माझीच होती, तरी पुन्हा बदलली.

दुसरी एक बातमी मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते. रीडॅश नावाचं असंच एक साधन 2020 मध्ये डेटाब्रिक्स कंपनीनं विकत घेतलं, 2021 च्या अखेरीस त्याची ऑनलाइन सेवा बंद झाली. पण कोड खुला होता. 2023 मध्ये वापरणाऱ्यांतलीच मंडळी पुढं आली आणि त्यांनी देखभाल हाती घेतली. आजही ते चालतं. 'फुकट आहे हो' असं म्हणून मी कधी काम मिळवलं नाही. फुकट नसतंच, संगणक लागतो, वीज लागते, माझे तास लागतात. मी एवढंच सांगते की उद्या मी जळगाव सोडून गेले तरी दुसऱ्या कुणाला बोलवा, त्याला सगळं उघडून बघता येईल. कामाच्या पहिल्याच दिवशी पासवर्डांचा कागद पाकिटात घालून मालकाच्या कपाटात ठेवते.

सकाळी 9.10

डाळमिल. आवारात तूर वाळत घातलेली, तेल-पाणी दिल्याचा ओलसर वास. ऑफिसात शिरले तर शेठ, त्यांचा मुलगा आणि मुनीमकाका तिघेही गप्प बसलेले. मुलानं संगणकाकडं बोट दाखवलं. या महिन्याचा डाळीचा उतारा : 71 टक्के. काकांच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत त्याच महिन्याचा उतारा 73.

"काका, बोर्ड खोटं कसं बोलेल?" मुलगा म्हणाला. त्याचं म्हणणं असं की तुरीची साल काढणारे एमरीचे रोल झिजलेत, म्हणून दोन टक्के डाळ चुनीत जाते आहे. नवे रोल मागवायचं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं. मशीनवरच्या मिस्तरीला दोन दिवसांपूर्वी चार शब्द ऐकवूनही झाले होते.

मेटाबेसमध्ये प्रत्येक आकड्यामागचं सूत्र उघडून बघता येतं. मी ते उघडलं आणि मराठीत वाचलं. "डाळीचं वजन, भागिले तुरीचं वजन, गुणिले शंभर."

काका इतका वेळ वहीवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "कोणती तूर?"

कुणाला कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "बेटा, कोणती तूर धरली तू? गाडीतून उतरली ती, का चाळणीतून गेली ती?"

मी टॅलीतल्या खरेदीचं वजन धरलं होतं, म्हणजे वजनकाट्यावर गाडी रिकामी झाली तेव्हाचं. काका गेली तीस वर्षं चाळणीनंतरचं वजन धरत आले आहेत. 100 क्विंटल तूर आली, तीन क्विंटल माती, काड्या, खडे निघाले, उरली 97. डाळ पडली 71. शंभरानं भागलं तर 71 टक्के, सत्त्याण्णवनं भागलं तर 73 आणि वर थोडं. दोघांचाही हिशेब बरोबर. रोल ठणठणीत होते.

कितीतरी वेळ त्या एका शब्दावर बोलणं झालं. शेठ म्हणाले, खरेदीचा भाव ठरवताना मला आवक तुरीवरचाच उतारा लागतो, माती मी पैसे मोजून घेतलेली असते. काका म्हणाले, मशीन नीट चालतं का हे बघायचं तर साफ तूरच धरायला हवी, मातीचा दोष मिस्तरीच्या माथी का? मुलगा मुकाट्यानं ऐकत होता, मग उठून बाहेर मिस्तरीकडं गेला. त्याचं मला फार बरं वाटलं.

बोर्डावर आता दोन रकाने झाले : 'आवक तुरीवर उतारा' आणि 'साफ तुरीवर उतारा'. नावं काकांच्या शब्दांत, देवनागरीत. साफ तुरीचं वजन मात्र टॅलीत कुठंच नसतं, ते काकांच्या वहीत असतं. म्हणून लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये तारीख, आवक, साफ, शेरा अशी शीट करून दिली. ती दर तासाला आपोआप पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये जाईल. संगणक सुरू करायला काकांना येतंच, आकडे टाकायला शिकायला दहा मिनिटं लागली. शून्य दोनदा दाबलं गेलं की काय होतं हे त्यांनी स्वतःहून विचारलं, तेव्हा शीटला मर्यादाही घातली.

निघताना विजेच्या बटणावर चिठ्ठी चिकटवली : 'हे बटण बंद करू नये.'

दुपारी 12.15

धुळ्याची एसटी. पाळधी, एरंडोल, पारोळा. 90 किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. एरंडोलपर्यंत जेवण, पुढं झोप.

दुपारी 3.00

धुळ्यातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाची चाळीस मुलं. ही शिकवणी मी पैसे न घेता करते, कारण माझ्याएवढं तरी काम येणारी दहा माणसं खान्देशात झाली तरच व्यापारी या साधनांवर विसंबेल. आज एकटी मी आजारी पडले तर पाच ठिकाणी अडतं.

सुपरसेट 2015 मध्ये एअरबीएनबी कंपनीत मॅक्झिम बोशमँ यांनी सुरू केलं, पुढं ते अपाचे फाउंडेशनकडं गेलं आणि 2021 मध्ये तिथला पूर्ण दर्जाचा प्रकल्प झालं, हे सांगितलं तेव्हा मुलांनी ते वहीत उतरवलं. मुंबईच्या फ्रापेची गोष्ट आली तेव्हा मात्र पेनं थांबली. रुशभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा, त्याचे हिशेब सांभाळायला धड सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. त्यातून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं, 2008 मध्ये कंपनी झाली, कोड सगळ्यांना खुला केला. आज जगभर ते वापरतात, आणि त्याच कंपनीनं आकड्यांच्या विश्लेषणासाठी इनसाइट्स हे साधनही खुलं ठेवलं आहे. "मुंबईची आहेत ही माणसं?" मागच्या बाकावरून आलं. हो, मुंबईची.

मग प्रत्यक्ष काम. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. कांद्याचे भाव उतरवून घेतले आणि आलेख काढायला लावले. साक्री तालुक्यातली एक मुलगी हात वर करून उभी राहिली. "मॅडम, यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव आहेत. कोणता धरायचा?" मला सकाळचे काका आठवले. तिला फळ्याजवळ बोलावलं. ती म्हणाली, तिचे वडील पिंपळनेरला कांदा नेतात, आणि पेपरात येणारा सर्वसाधारण भाव घरी आलेल्या पट्टीशी क्वचितच जुळतो. मग वर्गानं तिन्ही भाव एकाच आलेखात काढले. ज्या दिवसांत किमान आणि कमाल एकमेकांपासून लांब पळतात, ते दिवस लाल केले. पाचची घंटा झाली तरी कुणी उठेना.

संध्याकाळी 5.40

जिनिंगवाले अण्णा. त्यांचा कापूस तीन गावांत खरेदी होतो, म्हणून इथं सुपरसेट. रोज संध्याकाळी रुई, सरकी आणि गठाणींचा आलेख त्यांच्या मेलवर जायला हवा. गेला आठवडाभर आलेख जातो, पण त्यावरची मराठी नावं वाचता येत नाहीत. फोन माझ्यापुढं धरून म्हणाले, "हाई काय शे ताई?" प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन. पडद्यावर मराठी नीट दिसते, मेलमध्ये चौकोन.

अर्धा तास शोधण्यात गेला. मेलमधलं चित्र सर्व्हरवरचा एक न दिसणारा ब्राउझर काढतो, आणि सर्व्हर नव्यानं उभा केला तेव्हा मी त्यावर देवनागरी फॉन्ट घातलाच नव्हता. नोटो सान्स देवनागरी घातला, पुन्हा मेल पाठवला. 'रुई', 'सरकी', 'गठाणी' उमटले. इंग्रजीत नावं ठेवली असती तर हा घोळ झालाच नसता, असं एक ओळखीचे गृहस्थ मला नेहमी ऐकवतात. मी ऐकणार नाही. ज्याचा कापूस आहे त्याला आकडा वाचता आला पाहिजे.

रात्री 10.30

घरी. आता बॅकअप. कामाच्या पहिल्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाकडं मेटाबेस डॉकरच्या डब्यात बसवलं आणि त्याची स्वतःची नोंदवही, म्हणजे सगळे बोर्ड आणि सूत्रं, डब्यातल्याच तात्पुरत्या फाइलीत राहू दिली. असं करू नका, हे सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. नवी आवृत्ती घालताना जुना डबा काढून टाकला आणि चार महिन्यांचं काम गेलं. त्या माणसाला तोंड दाखवायला जाताना पाय जड झाले होते. तेव्हापासून बॅकअप निघाला एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आठवड्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून बघते.

आज पाळी डाळमिलची. काल रात्रीचा बॅकअप निघालेला नाही, म्हणून आत्ता हातानं काढला आणि लॅपटॉपवर उतरवला. बोर्ड उघडला. दोन्ही रकाने जागेवर आहेत. खाली आजची पहिली नोंद, संध्याकाळी 7.42 ची : आवक 118 क्विंटल, साफ 114.60. शेऱ्यात मुनीमकाकांनी एकेक अक्षर शोधून लिहिलेलं दिसतं : 'शेवटच्या गाडीत माती जास्त.'