घरचा प्रोग्राम, सर्वांचा प्रोग्राम

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ मांडवा हे बंदर आहे. समुद्रापलीकडे मुंबई दिसते. मुंबईच्या अनेक लोकांची येथे घरे आहेत. मालक मुंबईत आणि घर मांडव्यात! मग विहिरीवरचा पंप कोण सुरू करणार? अंगणातला दिवा कोण लावणार? पूर्वी ही कामे फक्त राखणदार करत असे. आता काही घरांत ती लहानसा संगणकही करतो. टाकी रिकामी झाली, की तो पंप सुरू करतो. भरली, की बंद करतो.

समजा, घरातल्या मुलाने यासाठी स्वतः प्रोग्राम लिहिला. तो छान चालला. पुढे मुलगा नोकरीसाठी दूर गेला. विहीर आटली तर पंप थांबवावा, हे प्रोग्राममध्ये लिहायचे राहिले होते. उन्हाळ्यात पंप पाण्यावाचून फिरत राहिला आणि जळला. घरात इतर कोणालाच तो प्रोग्राम समजत नव्हता. आता दुरुस्ती कोण करणार?

अशा वेळी तयार प्रोग्राम उपयोगी पडतो. 'होम असिस्टंट' हा त्यांपैकी एक. गंमत अशी, की तोही घरगुतीच होता! पौलस शाउटसेन यांनी २०१३ साली आपल्या घरातील दिव्यांसाठी तो सुरू केला. त्यांनी तो सर्वांसाठी खुला ठेवला. त्यामुळे जगभरातील लोक त्यातल्या चुका शोधतात व सुधारतात. एक माणूस दूर गेला, तरी काम अडत नाही.

मात्र निवड विचारपूर्वक करावी. काही उपकरणे इंटरनेट असेल तरच चालतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले. विजेचे खांब पडले आणि अनेक गावे अंधारात गेली. वादळानंतर वीज आली, तरी इंटरनेट लगेच येईलच असे नाही. म्हणून घरातल्या घरात चालणारी व्यवस्था बरी. होम असिस्टंट तशी चालू शकते. पंपाचे साधे बटणही काढू नये.

बदल हळूहळू करावा. आधी एक दिवा, मग दुसरा, शेवटी पंप. नवी व्यवस्था नीट चालते, हे पाहून मगच जुनी बंद करावी. सर्व माहिती वहीत लिहून ती राखणदारालाही समजावून सांगावी.

मग मुलाची मेहनत वाया गेली का? मुळीच नाही. घराला काय हवे, हे त्याला त्यातूनच कळले. आता तोही सर्वांच्या प्रोग्राममध्ये आपली भर घालू शकतो.