ख्रिस्ती उपासना, पवित्र शास्त्र आणि अर्थाचा शोध : मीरा-भाईंदर परिसराच्या संदर्भात

सारांश :
ख्रिस्ती उपासनेत ऐकले जाणारे शास्त्रवचन आजच्या श्रद्धावंताला अर्थपूर्ण केव्हा वाटते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील उत्तन-डोंगरी-भाईंदर हा जुना मराठीभाषक ख्रिस्ती परिसर या विचाराचा आधार आहे. मराठीतील ख्रिस्ती शब्दपरंपरा, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचे उपासनेतील बदल, भाषांतराचा प्रश्न आणि बदलते स्थानिक जीवन या चार अंगांनी मांडणी केली आहे. शास्त्राचा अर्थ भाषा, विधी आणि जगणे यांच्या परस्परसंबंधातून उलगडतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ख्रिस्ती उपासना, शास्त्रवाचन, मराठी बायबल, लोकभाषा, उत्तन, अर्थनिर्णयन.

प्रस्तावना :
धर्माचे अस्तित्व आणि धर्माचा अर्थ या दोन भिन्न गोष्टी आहेत. चर्च भरलेले असू शकते, सण थाटात साजरे होऊ शकतात, प्रार्थना तोंडपाठ असू शकतात. तरीही जे म्हटले व ऐकले जाते त्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हा प्रश्न श्रद्धावंताच्या मनात अनुत्तरित राहू शकतो. हा प्रश्न अश्रद्धेचा नव्हे. किंबहुना, ज्याची श्रद्धा जिवंत आहे त्यालाच तो अधिक तीव्रतेने पडतो. सर्वच धर्मपरंपरांमध्ये तो आढळतो. मात्र ख्रिस्ती परंपरेत शास्त्रवाचन हे सामुदायिक उपासनेचे अविभाज्य अंग असल्यामुळे तेथे त्याला विशेष महत्त्व येते. वाचलेले वचन कळले नाही, तर उपासनेचा अर्धा भाग मुका राहतो.

परिसराचे स्वरूप :
वसईच्या खाडीच्या दक्षिणेस असलेला उत्तन, डोंगरी, गोराई हा भूभाग इतिहासात धारावी बेट म्हणून ओळखला जातो. १५३४ च्या वसईच्या तहानंतर हा प्रदेश पोर्तुगीजांच्या अमलाखाली आला व येथील लोकसमूहांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आणली. सत्ता गेली, परंतु धर्म राहिला; आणि राहिला तो बहुतांशी मराठीच्या बोलींमधून. नाताळ, पाद्री, क्रूस यांसारखे पोर्तुगीज मूळ असलेले शब्द मराठीत इतके रुळले की त्यांचे परकेपण आज कोणाला जाणवतही नाही.

उत्तनचे मच्छीमार, डोंगरी परिसरातील शेतकरी, भाईंदरच्या मिठागरांच्या आसऱ्याने राहिलेली कुटुंबे असा हा समाज आहे. मुंबई-ठाणे परिसरातील अशा स्थानिक ख्रिस्ती समाजातील अनेकांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. नाव इंग्रजी असले, तरी घरातील बोली, लग्नगीते आणि सुगीचे सण मराठी मातीतलेच राहिले. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये स्वतंत्र झाला. खाडीच्या अलीकडील हा परिसर मात्र मुंबई महाधर्मप्रांतातच आहे.

याच परिसराचे दुसरे रूप नागरी आहे. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेनुसार सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. मीरा रोड व भाईंदरच्या नव्या वसाहतींत कोकणी, मल्याळम, तमिळ, हिंदी व इंग्रजी बोलणारे ख्रिस्ती लोक आले. अशा प्रकारे गावठाणातील पिढीजात श्रद्धा आणि सदनिकांतील स्थलांतरित श्रद्धा एकाच शहरात शेजारी आल्या. अर्थाचा प्रश्न दोन्हीकडे आहे, पण त्याचे स्वरूप वेगळे आहे.

मराठीतील ख्रिस्ती शब्दपरंपरा :
ख्रिस्ती शास्त्र मराठीत सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) यांनी केला. या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ओवीछंदात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात बायबलमधील कथा पुराणाच्या रूपात येते. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरण्यास स्टीफन्स कचरले नाहीत. श्रोत्याला ज्या छंदाची व शब्दांची सवय आहे, त्यांतूनच नवा आशय त्याच्या अंतःकरणात उतरेल, ही त्यामागील दृष्टी होती.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी वेगळा मार्ग घेतला. सेरामपूर येथे विल्यम केरी यांच्या पुढाकाराने १८११ मध्ये नवा करार मराठीत आला. पुढे पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले; ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतः संस्कृतच्या विदुषी असूनही रमाबाईंनी संस्कृतप्रचुर धार्मिक परिभाषा जाणीवपूर्वक टाळली. जुन्या धर्मकल्पना चिकटलेले शब्द नव्या वचनात येऊ नयेत आणि अल्पशिक्षित स्त्रीलाही ते समजावे, असा त्यांचा दुहेरी आग्रह होता.

स्टीफन्स आणि रमाबाई यांच्या भूमिका परस्परविरुद्ध वाटतात. एकाने परिचित शब्द जवळ केला, दुसरीने त्याबद्दल सावधगिरी बाळगली. तथापि दोघांच्याही डोळ्यांसमोर ऐकणारा माणूस होता. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर अभंगाच्या वळणाने ख्रिस्तभक्ती गायिली आणि ती मराठी उपासनासंगीताचा भाग झाली. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचा ‘सुबोध बायबल’ हा ग्रंथ या परंपरेत महत्त्वाचा ठरला. त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ‘सुबोध’ हे विशेषणच प्रश्न कोठे आहे ते दाखवते. शास्त्र उपलब्ध असणे वेगळे आणि ते बोधाला सोपे असणे वेगळे.

उपासनेची भाषा :
कॅथलिक परंपरेत शतकानुशतके मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. सामान्य भाविक जपमाळ, लोकभक्तीची गीते, क्रूसाच्या वाटेची भक्ती यांतून आपला अर्थ शोधत असे. विधी वेदीवर चाले आणि भक्ती बाकांवर चाले, असे स्थूलमानाने म्हणता येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) ही स्थिती बदलली. डिसेंबर १९६३ मधील उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला वाव दिला व भाविकांचा सहभाग जाणीवपूर्वक आणि सक्रिय असावा, असे सांगितले. १९६९ मध्ये वाचनांचा नवा क्रम आला. त्यानुसार रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरले आणि मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने प्रामुख्याने एकेका वर्षी वाचली जाऊ लागली. त्यामुळे नियमितपणे चर्चमध्ये येणाऱ्या व्यक्तीच्या कानांवर शास्त्राचा फार मोठा भाग मातृभाषेत पडू लागला.

परंतु ‘मातृभाषा’ हा शब्द येथे काळजीपूर्वक वापरावा लागतो. उत्तनच्या वृद्ध मच्छीमार स्त्रीची मातृभाषा तिची बोली आहे; उपासनेत तिला ऐकू येते ती प्रमाण, बरीचशी ग्रांथिक मराठी. तिच्या नातवाचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेले असेल, तर त्याला ‘प्रायश्चित्त’, ‘तारण’, ‘अनुग्रह’ हे शब्द उच्चारता येतात. त्यांची छटा मात्र जाणवत नाही. इंग्रजी मिस्सेला गेल्यास त्याला शब्द कळतात, पण आजीच्या प्रार्थनेशी असलेला दुवा तुटतो. एकाच कुटुंबात प्रार्थनेच्या तीन भाषा आणि त्यांच्यामध्ये शांतता, अशी ही स्थिती आहे. येथे पणाला लागलेली गोष्ट केवळ भाषाभिमानाची नाही. पश्चात्ताप, क्षमा, कृतज्ञता यांसारखे अनुभव ज्या शब्दांत घडतात ते शब्द पिढ्यांमधून हस्तांतरित होतात की नाही, हा खरा प्रश्न आहे.

वचन आणि जगणे :
जर्मन तत्त्वज्ञ हान्स-गेऑर्ग गाडामर यांनी ‘सत्य आणि पद्धती’ (१९६०) या ग्रंथात समजणे, अर्थ लावणे आणि लागू करणे या तिन्ही क्रिया एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, असे दाखवले. संहितेचे क्षितिज आणि वाचकाचे क्षितिज एकमेकांत मिसळते तेव्हाच अर्थ घडतो. या दृष्टीने पाहता, मीरा-भाईंदरच्या श्रोत्याकडे काही दुर्मीळ अनुकूलता आहे.

येशूने आपल्या शिष्यांना पृथ्वीच्या मिठाची उपमा दिली. जेथे मीठ पिशवीतूनच दिसते तेथे ही उपमा स्वयंपाकघरापुरती उरते. भाईंदरला मिठागरांचा इतिहास आहे. खाडीचे पाणी घेणे, उन्हात ते आटू देणे, मीठ गोळा करणे, अवकाळी पावसात हाती आलेले विरघळून जाणे, हे ज्या समाजाने पाहिले आहे त्याला मिठाचे मोल आणि त्याचा नाश ठाऊक आहे. तसेच रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाती परतलेल्या कोळ्यांची कथा. उत्तनच्या किनाऱ्यावर ती प्राचीन राहत नाही. मासळीचा दुष्काळ, इंधनाचा खर्च, मोठ्या यांत्रिक बोटींची स्पर्धा यांमुळे रिकामे जाळे हा तेथील रोजचा अनुभव आहे. अशा श्रोत्यांपुढे त्या कथेतून केवळ ‘श्रद्धा ठेवा, भरपूर मिळेल’ एवढाच बोध काढला, तर तो कथेवरही अन्याय ठरतो आणि श्रोत्यावरही. कथेचा शेवट भरलेल्या जाळ्यावर होत नाही. जाळी सोडून नव्या हाकेमागे जाण्यावर होतो. संपन्नतेचे आश्वासन देणाऱ्या आजच्या लोकप्रिय प्रवचनांत हा शेवट अनेकदा गाळला जातो.

सृष्टीविषयीच्या वचनांचेही असेच आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात मानवाला बागेची मशागत व राखण करण्यास ठेवल्याचे वर्णन आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच वर्णनाकडे लक्ष वेधून पर्यावरणाचा ऱ्हास आणि गरिबांचे दुःख एकत्र पाहण्याचे आवाहन केले. उत्तनच्या टेकडीवरील घनकचऱ्याचा प्रश्न आणि डोंगरी येथे मेट्रोच्या कारशेडसाठी हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५ मध्ये झालेला स्थानिक विरोध यांमुळे या आवाहनाला येथे प्रत्यक्ष भूमी मिळाली आहे. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईच्या चळवळीत फादर दिब्रिटो यांनी केलेले कार्य या संदर्भात मार्गदर्शक आहे. तेथे ख्रिस्ती श्रद्धा चर्चच्या भिंतींबाहेर, सर्वधर्मीय नागरिकांसोबत उभी राहिली.

अर्थाच्या मार्गातील अडथळे :
पहिला अडथळा पाठांतराचा. पाठांतर मुळात वाईट नाही. संकटाच्या क्षणी पाठ असलेली प्रार्थनाच ओठांवर येते. परंतु पाठांतरास मननाची जोड नसेल, तर शब्द गुळगुळीत होतात. दुसरा अडथळा उत्सवी वृत्तीचा. ८ सप्टेंबरला साजऱ्या होणाऱ्या मरियेच्या जन्मोत्सवापूर्वीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनास विविध भाषांचे व इतर धर्मांचेही लोक येतात, ही या लोकभक्तीची उदारता आहे. मात्र नवस फेडण्यापलीकडे भक्ती गेली नाही, तर तिचे रूपांतर व्यवहारात होते. तिसरा अडथळा एकतर्फी प्रवचनाचा. श्रोत्याला प्रश्न विचारण्याची जागा नसेल, तर वचन त्याचे होत नाही.

या तिन्हींवर उपाय लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येणाऱ्या इम्माउसच्या कथेत सुचवलेला दिसतो. निराश झालेले दोन शिष्य गाव सोडून निघाले आहेत. वाटेत भेटलेला अनोळखी सोबती आधी त्यांचे ऐकून घेतो, मग शास्त्राचा उलगडा करतो, नंतर त्यांच्यासोबत भाकर मोडतो. त्या क्षणी त्यांना त्याची ओळख पटते आणि ते रात्रीच माघारी फिरतात. ऐकून घेणे, वचन, भाकर आणि परतणे हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. वचन व भाकर हे मिस्सेचे दोन प्रमुख भाग आजही आहेत. पहिली पायरी, म्हणजे माणसाचे दुःख व शंका ऐकणे, आणि शेवटची पायरी, म्हणजे सोडलेल्या जगण्याकडे नव्याने परतणे, या दोन्ही दुर्लक्षित राहिल्यास मधला विधी अधांतरी राहतो. वस्तीपातळीवरील लहान प्रार्थनासमूहांत वाचन बोलीत समजावून घेणे, वृद्धांकडील प्रार्थना व गीते तरुणांनी ध्वनिमुद्रित करून त्यांचे अर्थ विचारणे, द्विभाषक वाचनाचा प्रयोग करणे, असे साधे उपक्रम या दृष्टीने उपयुक्त ठरू शकतात. महाविद्यालयीन मराठी विभागांनाही येथे अभ्यासाचे क्षेत्र आहे. उत्तन परिसरातील ख्रिस्ती बोलीतील प्रार्थना, म्हणी व कथा हा मराठीचाच ठेवा आहे.

समारोप :
ख्रिस्ती श्रद्धेला महाराष्ट्रात चार शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात अर्थाचा शोध नेहमी भाषेच्या शोधासोबत चालला आहे. स्टीफन्स यांची ओवी, रमाबाईंचे साधे गद्य, टिळकांचा अभंग, दिब्रिटोंचा सुबोध अनुवाद ही त्या शोधाची चार रूपे होत. आजच्या मीरा-भाईंदरमध्ये हा शोध अपूर्ण आहे, कारण जगणेच बदलत आहे : मिठागरांच्या जागी इमारती येत आहेत, बोलीच्या जागी इंग्रजी येत आहे. अशा वेळी जुने तसेच जपणे किंवा नवे तसेच स्वीकारणे हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत. शास्त्रवचन आपल्या वाट्याला आलेल्या किनाऱ्यावर, आपल्या माणसांच्या बोलीत पुन्हा ऐकणे, आणि ऐकल्यावर त्या किनाऱ्याची व त्या माणसांची जबाबदारी घेणे, यातच उपासनेचा अर्थ सापडण्याची शक्यता अधिक आहे.